लहूच्या हाताचं मीठ

मी तापट माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत अजूनही टाकीच्या पाण्यावरून तंटा झाला की सेक्रेटरी पहिल्यांदा माझ्या दाराकडे बघतो. आमची क्षमा म्हणते, तुमच्या नाकावर राग बसलेलाच असतो, कुणीतरी नुसतं शिंकायचा अवकाश. असेल. पण लहूची गोष्ट सांगायची तर मला स्वतःबद्दल खरं बोलावंच लागेल, नाहीतर ती सांगण्यात काही अर्थ नाही.

सत्याऐंशी साल. साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमचा कारखाना होता. एका बाजूला पत्रा कापणारा, दुसऱ्या बाजूला धातूला गिलेट, म्हणजे मुलामा, करणारा, आणि मधल्या गाळ्यात आम्ही सहाजण कॉम्प्युटर जोडणारे. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा लोक जरा आवाज खाली करून बोलायचे. कार्डं, म्हणजे चिपा बसवलेल्या हिरव्या पट्ट्या, बाहेरून यायची, पेट्या इथे बनायच्या, आणि आम्ही ती पेटीत बसवून गिऱ्हाइकाकडे नेऊन चालू करून द्यायचो. मालक नंदकिशोर. सगळे त्यांना नंदूशेठ म्हणायचे. आणि तपासणीचं टेबल माझं. पेटीत जाणारं प्रत्येक कार्ड आधी माझ्या टेबलावर दोन दिवस चालायचं. पास झालं की मी त्याला सील लावायचो.

हे सील म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच आहे. कार्डावर बारीक पिनांच्या जोड्या असतात. त्यातल्या एका जोडीवर एक काळी टोपी बसवायची, तुरीच्या दाण्याएवढी. तिला जंपर म्हणतात. टोपी कुठल्या जोडीवर बसली, त्यावरून ठरतं की त्या कार्डाने कॉम्प्युटरला कुठल्या नंबरने हाक मारायची. टोपी प्रवासात निसटू नये आणि कुणी हलवू नये, म्हणून मी तिच्यावर नेलपॉलिशचा लाल थेंब सोडायचो. बाटली अर्थातच क्षमाची. ती कटकट करायची, पण द्यायची. आमच्या गाळ्यात एक रीत पडून गेली होती: लाल थेंब म्हणजे विद्याधरने बघितलंय, त्याला कुणी हात लावायचा नाही. नंदूशेठसुद्धा लावत नसत. ही रीत मीच पाडली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

लहू आमच्याकडे आला तेव्हा तिशीला टेकला होता. गोराईचा कोळी. आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचं काम शिकलेला, गावातल्या सगळ्या होड्यांची बॅटरी, दिवा, ट्रान्झिस्टर तोच दुरुस्त करायचा. सकाळी पहिल्या होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला उतरायचा आणि आठ वाजता, आमच्या कुणाच्याही आधी, गाळ्याच्या शटरपाशी उभा असायचा. बोलायला कमी. कुठलंही काम दिलं की आधी नुसता बघत बसायचा, पाच-पाच मिनिटं. मला त्या बघण्याचाच राग यायचा. मी म्हणायचो, अरे, मासा आहे का तो, आपणहून जाळ्यात यायला? तो हसायचा आणि मग एकदाच हात लावायचा, तो बरोबर जागी.

त्याची आई सरूबाई बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायला बसायची. थोरला भाऊ महादू मामाच्या होडीवर. लहूची जागाही त्याच होडीवर होती, लहानपणापासूनची. पण त्यांच्यात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या निघतात आणि होडीवर कोण कोण जाणार हे त्याच दिवशी पक्कं होतं. त्या दिवशी जो नाही, त्याला त्या वर्षी जागा नाही. त्या साली मामाने लहूला शेवटचं विचारलं. लहूने सांगितलं, मी कॉम्प्युटरचंच काम करणार. महादूने त्याच्याशी बोलणं टाकलं. लहूच्या जागी दुसरा गडी घेतला गेला. हे मला माहीत होतं, कारण डबा खाताना त्याने मला सांगितलं होतं, अगदी सहज, जसं आपण सांगतो की आज भाजी खारट झालीय.

आता माझं पाप.

पौर्णिमेच्या तीनेक महिने आधी एका गिऱ्हाइकाकडून एक कार्ड परत आलं. त्याच्या सोनेरी कडेवर हिरवट डाग पडले होते. घामाने पडतात तसे, कुणाच्याही हाताने पडू शकतात. पण ते लहूने बसवलं होतं. मी सगळ्यांसमोर ते कार्ड वर धरलं आणि म्हणालो, "याच्या हातात मीठ आहे. कोळ्याचा हात लागला की लोखंडही गंजतं, हे तर बिचारं कार्ड." सगळे हसले. लहूसुद्धा थोडासा हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मी ते पाच मिनिटांत विसरलो. गाळा मात्र विसरला नाही. पुढे कुठेही काही बिघडलं की कुणीतरी म्हणायचं, लहूचा हात लागला असेल. नंदूशेठही म्हणायला लागले. मी एकदाही कुणाला गप्प केलं नाही. त्याच दिवसांत कार्डं पुसायच्या स्पिरिटची बाटली भराभर संपायला लागली. कोण सांडतं रे एवढं, म्हणून मी चार वेळा ओरडलो.

मुलुंडच्या एका औषधाच्या कंपनीने आमच्याकडून एक मशीन घेतलं होतं. हार्डडिस्कवालं. त्या काळात हार्डडिस्क म्हणजे चैन होती, आमच्या गाळ्यात ती गिऱ्हाइकापुरतीच यायची. तिथे गोळ्यांच्या पावडरची वजनं व्हायची. इलेक्ट्रॉनिक काटा एका कार्डाला जोडायचा, काट्यावर डबा ठेवला की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये जाऊन डिस्कवर लिहिलं जायचं. कार्ड मी तपासलं, सील मी लावलं, आणि मशीन लहूने नेऊन बसवलं. दहा दिवसांत ते पाच वेळा गोठलं. गोठलं म्हणजे पडद्यावरचं सगळं जिथल्या तिथे, कीबोर्ड मेल्यासारखा, बंद करून चालू करण्यावाचून इलाज नाही. मधली वजनं गायब. तिथल्या प्रमुख सुलक्षणा मॅडम शांत बाई, पण पाचव्या वेळी त्यांनी मशीन उचलून घेऊन जा म्हणून फोन केला.

नंदूशेठनी मला आणि लहूला एकत्र उभं केलं. म्हणाले, उद्या दोघं जा. मी दुपारी येतो. तीन ते चार, तासभर मशीन न थांबता चाललं पाहिजे आणि तसं मॅडमनी स्वतः सांगितलं पाहिजे. मग लहूकडे वळले. "नाही चाललं तर परवापासून येऊ नकोस. तुझ्या हाताचं मला आता पुरे झालं." नारळी पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. होड्या गेल्या होत्या. लहू फक्त हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही काम सुरू केलं. मी आल्या आल्या अर्थिंग तपासलं, ठीक निघालं. स्टॅबिलायझर बदलला. काट्याची वायर बदलली. कार्डं काढून त्यांच्या कडा खोडरबराने घासल्या आणि परत दाबून बसवली. लहू काट्यावर डबा ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा, आणि मी मोजायचो. चौदाव्या वजनाला मशीन गोठलं. परत चालू केलं, एकतिसाव्याला गोठलं. मग नवव्याला. या आकड्यांना ना आगा ना पिछा. एखादी वस्तू सरळ बंद पडली तर माणूस तिला धरू शकतो. ही मधेच चालायची, आशा लावायची, आणि मग गोठायची. पडद्यावरचा तो स्थिर झालेला आकडा बघून माझ्या डोक्याची शीर उडायला लागली.

लहू म्हणाला, वजनाचं कार्ड काढून बघू. काढलं. मशीन अर्धा तास धावलं, फायली लिहिल्या, वाचल्या, प्रिंटर चालवला, काही नाही. कार्ड परत बसवलं, बाविसाव्या वजनाला गोठलं. म्हणजे घोटाळा त्या कार्डातच होता. मी कार्ड हातात घेतलं, भिंग लावून कडा बघितली. डाग नव्हते. तरी मी म्हणालो, आतून खाल्लं असणार. कशाने खाल्लं ते बोललो नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

तेव्हा एक वाजला होता. लहू जेवला नाही. पेटीसमोर बसून राहिला आणि त्याचं ते बघणं सुरू झालं. हार्डडिस्क काम करते तेव्हा पेटीच्या तोंडावर एक लाल दिवा लुकलुकतो. लहू एका हाताने डबा ठेवत होता आणि डोळे त्या दिव्यावर. बाजूला पाकिटाच्या मागे पेन्सिलीने रेघा मारत होता. दोनच्या सुमाराला त्याने मला हाक मारली. म्हणाला, साहेब, दिवा बंद असताना वजन आलं तर काही होत नाही. वजन आणि दिवा बरोबर एका क्षणी आले की गोठतं. सहापैकी सहा वेळा.

हे ऐकून मला कळायला हवं होतं. बघा, कॉम्प्युटरचा मेंदू एक, आणि त्याला बोलवायला घंटेच्या दोऱ्या आठ. घड्याळाची एक, कीबोर्डची एक, फ्लॉपीची, प्रिंटरची, असं प्रत्येकाचं ठरलेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या शुभाताईंकडेच फोन होता, वरचे आम्ही सगळे पीपी नंबरवाले. घंटी वाजली की फोन कुणाचा ते शुभाताई विचारायच्या आणि जिन्यातून हाक मारायच्या. कॉम्प्युटरला विचारायची अक्कल नाही. एका दोरीवर दोघांना बांधलं, तर घंटी वाजल्यावर तो एकाच्याच दारात जातो. दुसरा वाट बघत बसतो, आणि त्याच्याबरोबर सगळं मशीन. हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो. आठ दोऱ्यांचा तक्ता माझ्या टेबलावर मीच चिकटवला होता.

लहू हळूच म्हणाला, "साहेब, दोन कार्डं एकाच नंबरवर असतील का? वजनाच्या कार्डाचा जंपर बघायचा का?"

जंपर बघायचा म्हणजे सील खरवडायचं. मी थेंब असा भरघोस सोडायचो की बाजूला छापलेला आकडाही त्याखाली जायचा. माझं टाळकं सटकलं. मी म्हणालो, डोळे फुटले का, लाल दिसत नाही? ते माझ्या टेबलावर दोन दिवस चाललंय. न थांबता. तू तुझं काम बघ.

त्याने डबा बाजूला सरकवला. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, त्याने एक गोष्ट सांगितली. त्यांच्या होडीवर जाळं पाण्यात सोडायच्या आधी प्रत्येक गाठ दुसऱ्या माणसाने ओढून बघायची असते. बापाने बांधलेली असली तरी. लहान असताना एकदा त्याने वडलांची गाठ ओढायला लाज वाटली म्हणून तशीच सोडली, तर वडलांनी त्याच्या थोबाडीत दिली. म्हणाले, गाठ बापाची असली तरी वढून बघायची, समुद्र बाप ओळखत नाय.

मी म्हणालो, हा समुद्र नाही, मुलुंड आहे. आणि तरातरा बाहेर निघून गेलो.

नंदूशेठ आले होते, मॅडमच्या केबिनमध्ये चहा घेत होते. मीही जाऊन बसलो. मॅडमनी विचारलं काय झालं, मी कार्ड खराब आहे, हाताळताना बिघडलं असावं, असं काहीतरी पुटपुटलो. नंदूशेठनी मान हलवली, जणू त्यांना माहीतच होतं. मॅडम म्हणाल्या, मला यातलं फारसं कळत नाही, पण तुमच्याकडे तपासलं तेव्हाही असंच थांबायचं का? मी म्हणालो, छे, दोन दिवस सलग चाललं. त्या म्हणाल्या, मग तुमचं तिथलं मशीन अगदी असंच आहे का?

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि कप खाली ठेवला.

माझ्या टेबलावरचं मशीन जुनं होतं. दोन फ्लॉपीवालं. त्यात हार्डडिस्क नव्हतीच. आणि या मशीनमध्ये हार्डडिस्क पाच नंबरची दोरी ओढते. माझ्या टेबलावर पाच नंबर मोकळा होता, तिथे कुणीही ती ओढली असती तरी काही बिघडलं नसतं. मला आठवलं, ते कार्ड खोक्यातून निघालं तेव्हा टोपी आधीच कुठल्यातरी जोडीवर बसलेली होती. नेहमी मी ती काढून दोनवर लावतो. त्या दिवशी लावली होती का? चाललं, पास झालं, थेंब सोडला. पायाखालची वाळू सरकणे म्हणजे काय ते मला मॅडमच्या त्या गालिच्यावर कळलं.

पावणेतीन वाजले होते. आणि आता मी जे सांगतो ते क्षमालाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. मी लगेच उठलो नाही. मी बसून राहिलो आणि हिशेब केला. आपण गप्प राहिलो तर? लहू जाईल. उद्या मी एकटा येईन, गुपचूप टोपी हलवेन, मशीन धावेल. सगळे म्हणतील, बघा, लहू गेला आणि मशीन सुधारलं. माझं टेबल माझं राहील, माझा थेंब लाल राहील. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण चोराला कुणी विचारणारही नाही. चहा थंड होईपर्यंत मी हे सगळं, नीट, एकेक पायरी करून, मनात बांधलं. मला स्वतःची किळस येते ती या चार मिनिटांची.

नंदूशेठ उठले. म्हणाले, चला, बघून घेऊ आणि विषय संपवू. मी त्यांच्या मागून गेलो.

लहू पेटीसमोर जमिनीवर बसला होता. वजनाचं कार्ड डाव्या हातात, उजव्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक लाल थेंबाच्या अगदी वर थांबलेलं होतं. थेंबाखाली काय आहे ते त्याला कळलं होतं, मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एक खरवड आणि त्याची नोकरी वाचली असती. तरी तो खरवडत नव्हता. माझ्या एका शब्दाची वाट बघत बसला होता, आणि दहा मिनिटांनी तीन वाजणार होते.

नंदूशेठनी ते टोक बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. म्हणाले, आता सीलही तोडतोस? लहूने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नंदूशेठ म्हणाले, ऊठ, तुझं सामान घे.

मी म्हणालो, "थांबा. चूक माझी आहे."

आवाज इतका बारीक निघाला की नंदूशेठनी काय म्हणून विचारलं. मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं. मी खाली बसलो, लहूच्या हातातून कार्ड घेतलं आणि माझंच सील नखाने खरवडलं. लाल कपचे पॅन्टवर पडले. खाली छापलेला आकडा निघाला. पाच. मी टोपी काढली, दोनवर बसवली, प्रोग्राम परत चालू केला. सुरू होताना तो कार्डाचा नंबर आपणहून शोधून घेतो. झालं एवढंच. दहा दिवसांचं दुखणं आणि एक तुरीचा दाणा.

तीनला दोन कमी असताना मशीन सुरू झालं. लहू डबा ठेवत होता, उचलत होता. मी मोजत होतो. चौदा गेलं. एकतीस गेलं. लाल दिवा लुकलुकला आणि त्याच क्षणी वजन आलं, आणि आकडा पुढे सरकला. साठ. शंभर. मॅडम दारात उभ्या होत्या, नंदूशेठ घड्याळ बघत होते. दीडशेच्या पुढे मी मोजणं सोडलं, पण लहूने डबा ठेवणं सोडलं नाही. चार वाजले तरी तो ठेवतच होता. शेवटी मॅडमच म्हणाल्या, अहो बास, चाललं.

नंदूशेठ खुश झाले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काय विद्याधर, तुम्ही पण! होतं हो, माणूस आहे, चुकायचाच. आणि हसले. बस. माझ्या चुकीची शिक्षा एवढीच, एक थाप. हीच टोपी लहूने बसवलेली असती तर? मी त्याच्याकडे बघितलं. तोही हाच विचार करत असेल असं मला वाटलं, पण तो वायरी गुंडाळत होता.

निघताना मॅडमनी दोघांना हात धुवायला नळ दाखवला, साबणाची नवी वडी काढून दिली. मी धुतले. लहू मागेच उभा. मी म्हणालो, अरे ये ना. तो म्हणाला, नको साहेब, घरी धुईन. मला परत राग आला, आता याला कसला मान लागतोय! मी त्याचा हात धरून नळाखाली ओढला आणि त्याने पाणी लागताच दातावर दात दाबले.

मी त्याचा तळवा उलटा करून बघितला. कातडी सोललेली होती. बोटांच्या पेरांवर चिरा, काही ओल्या, काही सुकलेल्या, तळहात भाजल्यासारखा लाल. दुसराही तसाच. तीन महिने तो माझ्या बाजूच्या टेबलावर बसत होता आणि मी त्याचे हात कधी बघितले नव्हते.

मी विचारलं, हे काय रे? त्याने हात काढून घेतला. म्हणाला, "स्पिरिटने पुसतो, साहेब. कार्डाला हात लावायच्या आधी, दर वेळी. तुम्ही म्हणालात ना, मीठ आहे. मला वाटलं खरंच असेल."

मला वाटलं खरंच असेल. त्याने माझं ते पाच मिनिटांत विसरलेलं बोलणं माझ्या सीलसारखंच धरलं होतं. विद्याधर साहेबांनी बघितलंय, म्हणजे असणार. मला रडू आलं. मी पुरुषमाणूस, तापट, मुलुंडच्या त्या मोरीपाशी नळ सोडून उभा राहिलो आणि पाणी वाहतंय म्हणून कुणीतरी आतून ओरडलं. त्याला माफ कर म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. म्हणालो, मूर्खा, खोबरेल लावायचं. तो म्हणाला, आई लावते रात्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठच्या आधी गाळ्यावर पोचलो. शटरपाशी तो होताच. सगळे जमल्यावर मी त्यांना मुलुंडचं सगळं सांगितलं, टोपीसकट आणि मिठासकट, माझ्या वाक्यासकट. कुणी हसलं नाही. स्पिरिटची बाटली मी माझ्या कपाटात ठेवली आणि लहूला सांगितलं की आजपासून तुला ती मिळणार नाही. मग क्षमाच्या नेलपॉलिशची बाटली त्याच्या टेबलावर ठेवली. त्या दिवशीची चार कार्डं माझी तपासून झाली होती, चारही त्याच्यासमोर मांडली. म्हणालो, सील आता तू लावायचं.

लहूने बाटली उघडली नाही. आधी पहिलं कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं आणि पाच मिनिटं नुसता बघत बसला. माझ्या जिभेच्या टोकावर काहीतरी आलं, ते मी गिळलं. मग त्याने त्या सोललेल्या बोटांनी टोपी धरली आणि ओढली. निघते का बघितलं, आकडा वाचला, परत दाबून बसवली. तसं त्याने चारही कार्डांचं केलं. तिसऱ्याची टोपी पाचवर निघाली, ती त्याने काढून दोनवर लावली आणि मला न विचारता थेंब सोडला.